वेलीला हात कोणाचा?

'रोबॉट' हा शब्द इंग्रजी असावा अशी पुष्कळांची समजूत असते. पण तो मूळचा चेक भाषेतला. कारेल चापेक या नाटककाराने 1920 साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर पसरला. ज्या शब्दापासून तो निघाला त्याचा अर्थ भंडारा जिल्ह्यातील जुन्या माणसांस समजावून सांगावयास नको. तो अर्थ म्हणजे वेठ. मालगुजारी 1951 साली संपली, तरी वेठीच्या हकिकती सांगणारी म्हातारी माणसे आमच्या लहानपणी घरोघर होती. मराठीने या यंत्रास 'यंत्रमानव' असे भारदस्त नाव देऊन वेठीचा डाग धुऊन टाकला. हे चांगले केले की वाईट, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. आमच्या घरात गेली दोन वर्षे या यंत्रमानवावरून जी बोलणी चालली आहेत, ती ऐकताना हा जुना अर्थ मला वारंवार आठवतो एवढे खरे.

आमचे घर वैनगंगेकाठच्या पवनीचे. एका स्वयंपाकघरात अजून चौदा पाने मांडली जातात. शेती धानाची, पण विहिरीलगतच्या बांधीत दहा गुंठ्यांवर माझ्या पुतण्याने तीन वर्षांपूर्वी हरितगृह उभारले. निम्मे अनुदान सरकारचे, उरलेल्यात थोडे घरचे आणि पुष्कळसे बँकेचे. थोरले भाऊजी त्याला 'प्लॅस्टिकचा मांडव' म्हणतात, मुले 'पॉलीहाऊस' म्हणतात, आणि जाऊबाई नुसते 'तिकडे' म्हणतात. आत बिनबियांची काकडी आहे. आता पुतण्याच्या मनात तेथे वेलींची निगा राखणारे यंत्र आणावयाचे आहे, आणि त्यासाठी आणखी कर्ज काढावयाचे आहे. जमीन सामाईक. माझ्या यजमानांच्या मागे सातबाऱ्यावर माझे नाव लागले, तेव्हा गहाणखतावर माझीही सही लागते. तीस वर्षे शाळेत शिकविल्यामुळे न वाचता सही करावयाची सवय मला नाही. त्यामुळे काकडी, कर्ज आणि यंत्रमानव या तिन्ही विषयांचा अभ्यास उतारवयात माझ्या वाट्यास आला.

ज्यांनी हरितगृहातील वेल पाहिली नाही, त्यांना ही निगा म्हणजे काय याची कल्पना यावयाची नाही. परसातल्या दोडक्याला मांडव करून दिला की तो आपली वाट आपण शोधतो. हरितगृहातील काकडीला तशी मोकळीक नाही. वरच्या तारेवरून सोडलेल्या सुतळीवर एकेक वेल चढवावयाची, दर दोनतीन दिवसांनी शेंडा सुतळीभोवती फिरवून द्यावयाचा, पानाच्या बेचक्यातून फुटणारी बगलफूट नखाने मोडावयाची, तणावे खुडावयाचे, बुडाशी आलेली पहिली फुले काढून टाकावयाची, खालची जून पाने उतरवावयाची. उबेच्या दिवसांत वेल रोज चारचार बोटे वाढते. ती तारेला टेकली की खाली सोडावयाची आणि उघडा पडलेला दांडा बुडाशी वेटोळे करून ठेवावयाचा. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून तोडणी सुरू होते, ती पीक संपेतो थांबत नाही. आमच्या दहा गुंठ्यांत अडीच हजारांच्या आसपास वेली आहेत. त्यांतील प्रत्येकीकडे आठवड्यातून दोनदा तरी माणसाचा हात गेलाच पाहिजे.

हे वेटोळे मी प्रथम पाहिले तेव्हा मला मुळीच नवल वाटले नाही. माझे माहेर रामटेकचे, आणि रामटेकची पाने नावाजलेली. पानमळ्यातही वर्षाकाठी वेल उतरवितात. खालचा पाने गेलेला भाग गुंडाळून मातीत दडपतात आणि शेंड्याकडचा भाग पुन्हा नव्याने चढू लागतो. हॉलंडच्या काचगृहांतून जी युक्ती आली असे पुतण्या सांगत होता, ती आमच्या बरई मंडळींना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. पानाचा बरेजा म्हणजे तरी दुसरे काय? बांबू, गवत आणि काड्या यांनी चोहोकडून आणि वरून झाकलेले, ऊन गाळून घेणारे आणि ओल धरून ठेवणारे घर! रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर 1916 साली जो मोठा ग्रंथ काढला, त्यात बरई लोकांची एक कथा दिली आहे. पांडवांच्या अश्वमेधाला विड्याची पाने हवी होती आणि पृथ्वीवर पानवेल नव्हती. दूत पाताळात गेला, तेव्हा नागांच्या राणीने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले. ते जमिनीत लावले, त्याचीच नागवेल झाली. म्हणून तिला बी नाही. पेराचे तुकडे करूनच ती लावावी लागते. नागपंचमीस बरेजात जाऊन नागाच्या नावाने ठेवलेल्या दगडाची पूजा करण्याची चालही त्यांनी नोंदविली आहे. आमच्याकडे त्या दिवशी चिरणे-कापणे वर्ज्य. पण बगलफुटीला पंचांग समजत नाही, आणि पहिल्या वर्षी नागपंचमीला हरितगृहात कात्री चालवावयाची की नाही यावर घरात जी चर्चा झाली, ती येथे न देणेच बरे. शेवटी नखाने खुडणे म्हणजे कापणे नव्हे असा निवाडा सासूबाईंनी दिला.

खरी अडचण मात्र नागपंचमीची नाही, रोवणीची आहे. आमच्या जिल्ह्यात मृगात पऱ्हे टाकतात आणि पाऊस मनासारखा लागला की आषाढात एकदम सगळ्या गावांची रोवणी निघते. त्या तीनचार आठवड्यांत बायामाणसांचे हात सोन्याच्या मोलाचे. चिखल झाला, पऱ्हे तयार झाले, की कोणाचीही बांधी थांबू शकत नाही. ज्या चार बाया वर्षभर आमच्या वेली सांभाळतात, त्यांची स्वतःचीही थोडीथोडी बांधी आहे आणि शेजाऱ्यांशी हाताला हात देण्याचा व्यवहारही आहे. त्या जाणार, आणि त्यांनी गेलेच पाहिजे. गेल्या आषाढात नऊ दिवस हरितगृहात कोणी फिरकले नाही. पुतण्या आणि त्याची बायको पहाटेपासून राबत होती, तरी नऊ दिवसांनी आत गेलो तेव्हा वेली एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्या होत्या. तणाव्याने एकदा शेजारणीचा दांडा धरला की तो सोडवावा लागत नाही, तोडावा लागतो. त्यात खालच्या दमट पानांवर केवडा शिरला. त्या तोडीचे मोल हप्त्यालाही पुरले नाही. पुतण्याने यंत्राचा ध्यास घेतला तो तेव्हापासून, आणि त्याला दोष देणे मला जमत नाही.

तो नागपुरास अभियांत्रिकी शिकलेला. मला छापील कागद आणून देई आणि मी ते वाचून काढी. हॉलंडमध्ये वाखेनिंगन म्हणून शेतकीचे मोठे विद्यापीठ आहे. तेथील संशोधकांनी 2002 साली काकडी तोडणारा यंत्रमानव प्रसिद्ध केला. हिरव्या पानांत हिरवी काकडी ओळखावयाची कशी? डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पान आणि फळ वेगळे उजळतात, त्याचा त्यांनी उपयोग केला. शंभरांत ऐंशी काकड्या यंत्राने बरोबर तोडल्या. मात्र एकेका काकडीला सरासरी 45 सेकंद लागले. तेवढ्या वेळात आमची बाई दहा तरी काढते, आणि वर बोलतही असते. पुढे 2015 ते 2018 या काळात युरोपातील अनेक संस्थांनी मिळून ढोबळी मिरची तोडणारे 'स्वीपर' नावाचे यंत्र तयार केले. त्याला एका मिरचीमागे 24 सेकंद लागत. त्याच्या अहवालातील दोन आकडे मी वहीत टिपून ठेवले आहेत. नेहमीच्या पिकात यंत्राला शंभरांपैकी 18 मिरच्या साधल्या. फळाआड येणारी पाने काढून, घोस विरळ करून पीक यंत्राच्या सोयीचे करून दिले तेव्हा 61.

माझ्या मते सगळा प्रश्न या दोन आकड्यांत आहे. अठराचे एकसष्ट झाले ते यंत्र अधिक शहाणे झाल्यामुळे नव्हे. पिकाने यंत्रापुढे मान तुकविली म्हणून. काकडीच्या यंत्राचीही तीच कथा. वेल उंच तारेवर चढवून फळे मोकळी लोंबतील अशी लागवड आधी केली, मग यंत्राला ती सापडली. यात वाईट काही आहे असे मी म्हणत नाही. बरई मंडळींनी नागवेलीला मातीत दडपले, आम्ही धान ओळीत रोवू लागलो. शेती म्हणजे पिकाला आपल्या सोयीने वाकविणेच आहे. परंतु 'यंत्र वेलीचे काम शिकेल काय?' असे आपण विचारीत असतो, तेव्हा त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा असतो: यंत्रासाठी वेल, मांडव, जमीन आणि घर किती वाकवावयाचे, आणि त्या वाकविण्याचे पैसे कोणी द्यावयाचे?

साधी रुळांची गोष्ट घ्या. हॉलंडमध्ये थंडी फार, म्हणून काचगृहात ओळींच्या मधून गरम पाण्याचे नळ जमिनीलगत नेलेले असतात. तेच नळ गाड्यांचे रूळ होतात. बायामाणसे त्यांवरच्या गाडीवर उभी राहून काम करतात, आणि यंत्रमानवही त्याच रुळांवरून धावतो. टोमॅटोची पाने उतरविणारे 'कोम्पानो' नावाचे यंत्र प्रिव्हा या डच कंपनीने 2021 साली बाजारात आणले. त्याची चाकेही या वाटेवरचीच. आमच्या भंडाऱ्यात हिवाळाभर ऊब पुरते आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. येथे नळ हवेत ते थंडाव्याचे, तेही डोक्यावर, तुषार सोडणारे. खाली काळी माती, वाफे आणि ओल. ज्या देशाला ऊब विकत घ्यावी लागते त्याला यंत्राची वाट फुकट मिळाली, आणि ज्याला ऊब फुकट मिळाली त्याने ती वाट विकत घ्यावयाची! त्यातून शेतीच्या वाहिनीवर वीज ठराविक तासांचीच. पुतण्याच्या अंदाजपत्रकात यंत्रापेक्षा रूळ, सिमेंट आणि बॅटऱ्या यांचा आकडा मोठा निघाला, तेव्हा थोरल्या भाऊजींनी चष्मा काढून तो कागद दोनदा पुसला.

भाऊजींचा विरोध मोठ्या आकड्यांना असतो, यंत्राला नसतो. धानाची मळणी यंत्राने होऊ लागली तेव्हा गावात प्रथम त्यांनीच ते भाड्याने आणविले होते. त्यांना मी अमेरिकेतील ॲपहार्वेस्ट कंपनीची हकिकत वाचून दाखविली. केंटकी राज्यात साठ एकर छपराखाली टोमॅटो लावणाऱ्या या कंपनीने 2021 साली यंत्रमानव बनविणारी एक संस्था विकत घेतली, आणि 2023 च्या जुलैत दिवाळखोरीचा अर्ज केला. बुडाली ती यंत्रमानवामुळे असे म्हणता येणार नाही. कर्जाचा डोंगर केवढा होता! तथापि भाऊजींनी त्यातून 'कर्ज' हा एकच शब्द उचलला. उलट पुतण्याने 2018 सालची वाखेनिंगनची स्पर्धा पुढे केली. निरनिराळ्या देशांतील चमूंनी संगणकाच्या बुद्धीने दुरून काकडीचे काचगृह चालवावयाचे, अशी ती स्पर्धा. मायक्रोसॉफ्टच्या चमूने ती जिंकली आणि मुरलेल्या बागाईतदारांपेक्षा अधिक नफा दाखविला. ते सारे खरेच आहे. पण पाणी किती, खत किती, झडपा केव्हा उघडावयाच्या, हे संगणकाने ठरविले. बगलफूट मोडावयास आणि वेल खाली सोडावयास हात माणसांचेच होते. हे मी दाखवून दिल्यावर तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "काकू, निदान ठरविण्याचे काम तरी यंत्राकडे देऊ या."

त्याचा अर्थ दिवाळीच्या सुमारास कळला. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी वरच्या तारेवरून सरकणारा एक कॅमेरा बसविला. तो रात्री दिव्याच्या उजेडात ओळीओळीने फिरतो, प्रत्येक वेलीचे चित्र घेतो, आणि सकाळी कोणती वेल तारेला टेकली, कोणत्या पानावर पिवळे डाग आहेत, याची यादी पुतण्याच्या फोनवर येते. पहिल्या दिवशीची यादी घेऊन तो मोठ्या ऐटीत आत गेला. आमच्या चार बायांतील जी जाणती आहे, तिने यादी ऐकून घेतली आणि वेलींना हातही लावीना. तिचे म्हणणे, "सकाळी वेल ताठ रायते, बाई. आता वाकवला का मोडते. दुपारी नरम पडला का सोडू." आणि खरेच आहे ते. पहाटे दांड्यात पाणी भरलेले असते. त्या वेळी बगलफूट कट्कन स्वच्छ तुटते, पण वेल खाली सोडावयाची तर ती दुपारीच. यंत्राला वेल कोठवर आली ते कळले होते. ती कशी आहे ते कळले नव्हते. पुतण्याने मुकाट्याने यादीची वेळ बदलली.

परंतु न्याय दोन्हीकडे असावा. डिसेंबरात एका कोपऱ्यातील सात वेलींवर त्या कॅमेऱ्याने केवड्याचे डाग दाखविले, तेव्हा ते त्या बाईच्याही नजरेस आले नव्हते. पाने त्याच दिवशी काढली आणि रोग तेथेच आटपला. तिनेच कौतुक केले. रात्री जागणारा राखणदार बरा, म्हणाली.

स्पर्शाची गोष्ट मात्र निराळी. तणाव्याचे एक नवल मला शाळेत मुलांना दाखवावयास फार आवडे. त्याची दोन्ही टोके बांधली गेली, की तो मधल्या एका बिंदूपासून अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट दिशेने पिळला जातो, घड्याळाच्या कमानीसारखा. चार्ल्स डार्विनने वेलींच्या हालचालींवर 1865 साली लिहिलेला दीर्घ निबंध अशा निरीक्षणांनीच भरलेला आहे. काकडीच्या तणाव्याला हा पीळ कसा पडतो आणि ओढल्यावर तो सैल होण्याऐवजी कधी कधी अधिकच कसा आवळतो, याचा उलगडा हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी 2012 साली केला. म्हणजे ज्या वेलीला हात लावावयाचा ती स्वतः इतक्या नाजूक स्पर्शाची, आणि यंत्राची बोटे अजून बहुतेक डोळ्यांवर विसंबून चालणारी. ही उणीव कायमची आहे असे मी मानीत नाही. इस्राएलच्या अरुगा कंपनीचे यंत्र टोमॅटोच्या फुलांवर हवेची फुंकर घालून पराग पाडते. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर गुंजारव करणारे थोर भुंगे पाळावयास बंदी असल्याने तेथे या फुंकरीचा उपयोग झाला. वेलीला हात न लावताच काम साधावयाचे, ही युक्ती मला मोठी सभ्य वाटली.

आणि हातांचे काय? यंत्र आले तर चार घरांची मजुरी जाईल, ही माझी धास्ती मी त्या जाणत्या बाईजवळच बोलून दाखविली. तिने जे सांगितले ते माझ्या कोणत्याच टिपणात नव्हते. तिची मुलगी नागपुरास कॉलेजात शिकते आणि वेलींत यावयाची नाही. आलेली तिला नकोही आहे. इतर तिघींच्या घरीही तेच. तिचे स्वतःचे गुडघे दुखतात. फाल्गुनानंतर दुपारी आत उभे राहिले की डोके फिरते. काकडीचे क्रेट दारापर्यंत नेणे आणि औषधाची फवारणी ही दोन कामे आजच यंत्राने नेली तर ती त्याला ओवाळील! पण वेल सोडावयाचे आणि बगलफूट काढावयाचे काम तिने, तिच्या पद्धतीने, आणि रोवणीच्या महिन्यात सुटी. वेठीचा विचार मी तिच्या वतीने करीत होते. ती मात्र कोणते काम वेठीचे आणि कोणते आपले, हे केव्हाच निवडून बसली होती.

राज्य मंत्रिमंडळाने 2025 च्या जूनमध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धीसाठी 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले आणि त्यासाठी पाचशे कोटी रुपये ठेवले, याचे कात्रण पुतण्याने देवघराच्या दारावर चिकटविले होते. मी बँकेच्या कागदावर सही केली, पण अंदाजपत्रक निम्म्यावर आणून. यंत्राचा हात सध्या नाही. क्रेट वाहणारी आणि फवारणी करणारी बॅटरीवरची गाडी, तिच्यापुरती सिमेंटची वाट, छतावर ऊन अडविणारा सरकता पडदा, आणि आषाढातल्या त्या तीन आठवड्यांसाठी वेली विरळ लावण्याची नवी आखणी, एवढे ठरले. रोवणीच्या काळात पीकच थोडे कमी ठेवावे, ही सूचना भाऊजींची. तीस पैसे लागत नाहीत, म्हणून ती त्यांना सुचली असावी.

गवंडी आला त्या दिवशी वाटेच्या रुंदीवरून पुन्हा अडले. गाडीला दोन फूट पुरतात. पुतण्याला वाया जाणारी प्रत्येक इंच जमीन दिसत होती. ती बाई कडेवर रिकामा क्रेट घेऊन ओळीतून एकदा इकडून तिकडे चालून गेली. गवंड्याने तिच्या दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकल्या आणि फीत लावली. पावणेतीन फूट भरले. दोरी त्याच खुंट्यांना बांधली आहे. सिमेंट सोमवारी यावयाचे आहे.